नागरी रस्ता-विस्तार : नियोजन व वित्तव्यवस्था

नागरी रस्ता-विस्तार : शहरातील अस्तित्वात असलेला रस्ता त्याच्या टोकापासून पुढे नेणे, दोन तुटक रस्ते मधल्या पट्ट्यातून एकमेकांस जोडणे किंवा आहे त्या रस्त्याची रुंदी वाढविणे, यांस सामान्यतः रस्ता-विस्तार असे म्हणतात. भरावाचे, फरसबंदीचे व पुलांचे तंत्र आता सुपरिचित झाले आहे. त्यामुळे रस्ता कसा बांधावा हा या विषयातील मुख्य प्रश्न राहिलेला नाही. जमीन, परवानगी व पैसा या तीन गोष्टी एकाच वेळी हाती येणे, हा खरा प्रश्न होय. या तिन्हींचे धनी बहुधा वेगवेगळे असतात आणि त्यांतील एकीला विलंब झाला, तर उरलेल्या दोहोंची किंमत वाढत जाते. विस्तारित रस्ता एका नगरसंस्थेच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत जात असेल, तर खर्च कोणी करावयाचा हा चौथा प्रश्न त्यांत मिळतो. महाराष्ट्रात या चारही प्रश्नांचे एकत्र दर्शन घडविणारे उदाहरण म्हणून मुंबईच्या उत्तर सीमेवरील दहिसर–भाईंदर जोडरस्त्याचा उल्लेख करता येईल.

मीरा-भाईंदर हे शहर साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला वसलेले असून ते ठाणे जिल्ह्यात मोडते. त्याच्या उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि दक्षिणेस बृहन्मुंबईची हद्द व संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगराळ प्रदेश आहे. मिठागरे, भातशेती व मासेमारी यांवर जगणाऱ्या गावांच्या ग्रामपंचायती एकत्र करून येथे १९८५ मध्ये नगरपरिषद स्थापण्यात आली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. मुंबईतील घरांच्या किमती न परवडणारा वर्ग लोहमार्गाच्या आधाराने येथे येऊन राहिला. त्यामुळे १९९१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख असलेली लोकसंख्या २००१ मध्ये ५ लाखांपलीकडे गेली व २०११ च्या जनगणनेत ती ८,०९,३७८ भरली. लोक आले, इमारती उभ्या राहिल्या. पण मुंबईकडे जाणारा रस्ता मात्र एकच राहिला. भाईंदर पश्चिमेच्या रहिवाशाला मोटारीने बोरिवली पश्चिमेस जावयाचे झाल्यास प्रथम लोहमार्ग ओलांडून पूर्वेस काशीमीरा येथे महामार्ग गाठावा लागतो, दहिसर नाका ओलांडावा लागतो व मग पुन्हा पश्चिमेकडे वळावे लागते. उत्तनवरून गोराईपर्यंत रस्ता जातो. परंतु तेथून बोरिवलीकडे जाण्यास खाडी आडवी येते व ती तरीने पार करावी लागते. मुंबईच्या पश्चिम उपनगरांतून उत्तरेकडे आलेला लिंक रोड दहिसरच्या कांदरपाडा भागात थांबतो. त्याच्या टोकापासून भाईंदर पश्चिमेचे अंतर सरळ रेषेत काही किलोमीटरच आहे. मधल्या पट्ट्यात मिठागरे, खाजणे व तिवरांची दाटी आहे. हे अंतर तोडणे म्हणजेच प्रस्तुत रस्त्याचा विस्तार होय.

नियोजन : रस्त्याची पहिली रेघ अभियंता ओढत नाही, ती विकास योजनेत ओढली जाते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यानुसार प्रत्येक नियोजन प्राधिकरणाला आपल्या क्षेत्राची विकास योजना तयार करावी लागते (⇨ नगररचना). तीत घरे, उद्योग, शाळा, बागा इत्यादींसाठी जमिनी राखून ठेवतात आणि नव्या व रुंद करावयाच्या रस्त्यांच्या रेषा दाखवितात. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात, त्यांवर सुनावणी होते व अखेरीस राज्य शासन योजनेस मंजुरी देते. मंजूर योजनेची फेरतपासणी वीस वर्षांतून एकदा व्हावी, असा कायद्याचा दंडक आहे. मीरा-भाईंदरची विकास योजना १९९७ मध्ये मंजूर झाली व सुधारित प्रारूप योजना २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. या दोहोंच्या मध्ये शहराची लोकसंख्या कित्येक पटींनी वाढली, हे ध्यानात घेतले म्हणजे कागदावरील रेषा व जमिनीवरील वस्ती यांत अंतर का पडते ते समजते.

एकापेक्षा अधिक नगरांना जोडणारे रस्ते विकास योजनेच्या आवाक्यात बसत नाहीत. प्रत्येक महानगरपालिकेचा नकाशा तिच्या सीमेवर संपतो आणि सीमेपलीकडची रेषा शेजारच्या नकाशात असेलच, अशी खात्री नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रादेशिक योजना करतात. मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना १९७३ मध्ये मंजूर झाली व तिच्या अंमलबजावणीसाठी १९७५ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण अस्तित्वात आले. तथापि प्रादेशिक योजना दिशा दाखविते. जमीन ताब्यात घेणे, अतिक्रमणे हटविणे व दिवाबत्ती करणे ही कामे अखेर स्थानिक संस्थेकडेच येतात.

रेषा ठरल्यावर तिचा आकार ठरवावा लागतो. त्यासाठी वाहनांची गणना करतात, प्रवासाचे आरंभस्थान व गंतव्यस्थान यांची पाहणी करतात आणि पुढील वीस-तीस वर्षांतील वाहतुकीचा अंदाज बांधतात. मोटारी, रिक्षा, बसगाड्या, मालमोटारी व दुचाकी यांची संख्या एकाच मापात मोजता यावी म्हणून त्या सर्वांचे मोटारगाडीशी तुल्य असे एकक वापरण्यात येते. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने शहरातील प्रमुख रस्त्यांसाठी ५० ते ६० मी., उपप्रमुख रस्त्यांसाठी ३० ते ४० मी. व अंतर्गत रस्त्यांसाठी १० ते २० मी. रुंदीची शिफारस केलेली आहे. रुंदीतील प्रत्येक मीटर जमिनीच्या हिशेबात मोठा ठरतो. १८ मी. रुंदीचा रस्ता ३० मी. करावयाचा असल्यास दर किलोमीटरला १.२ हेक्टर जागा लागते, ४५ मी. रुंदीचा पाच किलोमीटर लांबीचा नवा रस्ता २२.५ हेक्टर जागा व्यापतो. तो खांबांवर उभारला तरी खालची जमीन त्याच्या नावे करून घ्यावीच लागते.

वाहतुकीचा अंदाज हा या शास्त्राचा दुबळा दुवा आहे. नवा रस्ता केवळ असलेली वाहतूक वाहून नेत नाही, तर जे प्रवास पूर्वी होत नव्हते तेही घडवून आणतो व काही वर्षांत भरून जातो, असा अनुभव जगभर आला आहे. म्हणून रस्त्यामुळे वाचणाऱ्या वेळेची किंमत मांडताना ती कायम टिकेल असे गृहीत धरणे चुकीचे ठरते. लाभ-व्यय विश्लेषणाच्या तक्त्यांत मात्र हे गृहीतक पुष्कळदा मुकाट्याने बसलेले आढळते. भाईंदरच्या बाबतीत या युक्तिवादाला एक मर्यादा आहे. तेथे दुसरा रस्ताच नसल्यामुळे प्रश्न केवळ वेगाचा नाही. महामार्गावर दहिसर नाक्यापाशी अपघात होऊन वाहतूक खोळंबली, तर रुग्णवाहिकेलाही मुंबईकडे जाण्यास दुसरी जवळची वाट उरत नाही. अशा पर्यायी मार्गाचे मोल वाहनगणनेत उतरत नाही.

भूसंपादन : रस्त्याखाली येणारी जमीन मिळविण्याचे तीन मार्ग १९६६ च्या अधिनियमात सांगितले आहेत. मालकाशी करार करून रोख मोबदला देणे, रोख रकमेऐवजी चटई क्षेत्राचा वा हस्तांतरणीय विकास हक्काचा लाभ देणे, किंवा राज्य शासनाकडे अर्ज करून भूसंपादनाच्या कायद्यान्वये जमीन घेणे, हे ते मार्ग होत.

यांतील तिसरा मार्ग सर्वांत जुना असून आता तो सर्वांत महागही झाला आहे. १८९४ च्या भूसंपादन अधिनियमात बाजारभावावर १५ टक्के दिलासा रक्कम मिळत असे. १९८४ मध्ये ती ३० टक्के करण्यात आली. १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आलेल्या नव्या कायद्याने ती १०० टक्क्यांवर नेली, म्हणजे शहरी भागात मोबदला बाजारभावाच्या दुप्पट झाला. शिवाय बाधितांचे पुनर्वसनही बंधनकारक झाले. जुन्या कायद्याखाली जमीन गमावणाऱ्यांना मिळालेली रक्कम पाहता हा बदल न्याय्यच म्हणावा लागेल. परंतु लहान महानगरपालिकांना रोख रकमेने जमीन घेणे त्यामुळे जवळजवळ अशक्य झाले आणि त्या दुसऱ्या मार्गाकडे वळल्या.

हस्तांतरणीय विकास हक्क ही कल्पना अमेरिकेत, विशेषतः न्यूयॉर्क शहरात, ऐतिहासिक इमारतींच्या रक्षणाच्या निमित्ताने पुढे आली. मुंबईत तिला १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने स्थान दिले. रस्त्यासाठी जमीन देणाऱ्या मालकाला पैशांऐवजी एक प्रमाणपत्र मिळते. त्यावर नमूद केलेले बांधकामाचे क्षेत्र तो स्वतःच्या दुसऱ्या भूखंडावर वापरू शकतो किंवा विकासकाला विकू शकतो. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या व मीरा-भाईंदरला लागू असलेल्या एकत्रित नियमावलीनुसार दाट वस्ती नसलेल्या भागात दिलेल्या जमिनीच्या दुप्पट व दाट वस्तीत तिप्पट हक्क मिळतात. नगरसंस्थेच्या तिजोरीतून एक रुपयाही जात नाही, म्हणून हा मार्ग फुकटचा वाटतो. पण तो फुकटचा नाही. त्या प्रमाणपत्रावर उभी राहणारी जास्तीची घरे पाणी, मलनिःसारण व रस्ते यांवर भार टाकतात. एका रस्त्याची किंमत अशा रीतीने शहराच्या दुसऱ्या भागात, काही वर्षांनंतर चुकती होते. तिवाय घरांचा बाजार मंदावला की प्रमाणपत्राचा भाव पडतो व मालक पुन्हा रोख रक्कम मागू लागतात.

आरक्षणाखाली अडकलेल्या मालकाची स्थितीही विचारात घेण्याजोगी आहे. नकाशावर रस्त्याची रेषा पडली की तो त्या जमिनीवर बांधकाम करू शकत नाही व मोबदलाही हाती येत नाही. कायद्याने यावर मर्यादा घातली आहे. योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक प्राधिकरणाला सूचना देऊ शकतो आणि त्यानंतरही ठराविक मुदतीत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. ही मुदत मूळ कायद्यात सहा महिने होती. २००९ मध्ये ती बारा महिने व २०१५ मध्ये चोवीस महिने करण्यात आली. नुसता प्रस्ताव पाठविणे म्हणजे पाऊल उचलणे नव्हे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स खटल्यात लावला. त्यामुळे दिरंगाईने पुष्कळ रेषा पुसल्या गेल्या. रस्त्याच्या मधला एक भूखंड जरी असा सुटला, तरी दोन्ही बाजूंचा तयार भाग निरुपयोगी राहतो.

सुधारणा अंशदान : रस्ता झाल्यावर लगतच्या जमिनींचे भाव वाढतात, ही वाढ मालकाच्या कष्टातून आलेली नसते व म्हणून तिचा काही हिस्सा रस्त्याच्या खर्चासाठी घ्यावा, हा विचार जुना आहे. पॅरिसमध्ये १८५३ ते १८७० या काळात प्रीफेक्ट असलेल्या ओस्मान याने रस्त्यासाठी लागणाऱ्या जमिनीपेक्षा अधिक पट्टा ताब्यात घेऊन उरलेले दर्शनी भूखंड चढ्या भावाने विकण्याची पद्धत अवलंबिली. १८५८ मध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने उरलेली जमीन मूळ मालकांना परत द्यावी असा निर्णय दिल्यावर भाववाढीचा फायदा मालकांकडे गेला आणि कर्जाचा बोजा नगरावर राहिला. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार विश्वस्त मंडळाने प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे रस्ते दाट वस्तीतून काढले. शासनाने व महानगरपालिकेने दिलेल्या जमिनी, कर्जरोखे आणि महानगरपालिकेचे वार्षिक अंशदान यांवर त्याचा कारभार चाले. १९३३ मध्ये ते महानगरपालिकेत विलीन झाले.

मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना अधिनियमाने याहून सौम्य मार्ग काढला. एखाद्या भागातील सर्व भूखंड एकत्र करावयाचे, त्यांतून रस्ते व बागा यांची जागा वगळावयाची आणि उरलेली जमीन आकार नीट करून मूळ मालकांना परत वाटावयाची, अशी ही नगररचना परियोजना होय. मालकाची जमीन कमी होते पण तिचे मोल वाढते व त्या वाढीचा अर्धा भाग अंशदान म्हणून घेता येतो. १९६६ च्या अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. अहमदाबादचा ७६ किमी. लांबीचा सरदार पटेल वळणरस्ता मोठ्या प्रमाणावर याच पद्धतीने मिळालेल्या जमिनीवर उभा राहिला. जिच्या भारतातील जन्मभूमीचा मान मुंबई इलाख्याला आहे ती पद्धत गुजरातने जोपासली व महाराष्ट्राने दीर्घकाळ बाजूला ठेवली, ही गोष्ट नगररचनाकारांना आजही खटकते. अर्थात, मिठागरांसारख्या एकहाती व बहुतांशी शासकीय ताब्यातील जमिनींत तिचा उपयोग मर्यादितच आहे.

वित्तपुरवठा : महानगरपालिकेचे उत्पन्न महसुली व भांडवली अशा दोन बाजूंत मांडले जाते. पगार, सफाई, पाणीपुरवठा व कर्जावरील व्याज हे खर्च भागवून महसुली बाजूला जे उरते, त्यातून नवे रस्ते होतात. महाराष्ट्रातील महानगरपालिकांचा मुख्य आधार पूर्वी जकात हा होता. मुंबईबाहेर तिची जागा स्थानिक संस्था कराने घेतली. तोही २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मुंबईची जकातही संपली आणि तिच्या बदल्यात राज्य शासनाकडून वार्षिक ८ टक्के वाढीने भरपाई देण्याचा कायदा झाला. शहरात माल वाढला की उत्पन्न वाढे, तो संबंध यामुळे तुटला. उरला तो मालमत्ता कर, मुद्रांक शुल्कावरील एक टक्का अधिभार आणि बांधकाम परवानगीच्या वेळी वसूल होणारे विकास शुल्क व अधिमूल्य. यांतील शेवटची बाब लहान शहरांत मोठी रक्कम देते. पण ती बांधकामाच्या तेजीमंदीवर हेलकावे खाते. त्यामुळे रस्त्यांसाठी पैसा उभा करण्यास आणखी इमारतींना परवानगी द्यावयाची व त्या इमारतींतील लोकांसाठी पुन्हा रस्ते रुंद करावयाचे, असे चक्र सुरू होते. मीरा-भाईंदरसारख्या शहरांची आर्थिक कुचंबणा या चक्रात आहे.

कर्ज काढून रस्ता बांधणे तत्त्वतः योग्य ठरते. कारण त्याचा उपयोग पुढील पिढीही करणार असते. समजा, १०० कोटी रुपये द. सा. द. शे. ८ दराने पंधरा वर्षांसाठी घेतले, तर दरवर्षी सुमारे ११.७ कोटी रुपये व एकूण सुमारे १७५ कोटी रुपये फेडावे लागतात. उलट, कर्ज टाळून आठ वर्षे थांबले व बांधकामाचे दर प्रतिवर्षी ६ टक्क्यांनी वाढले, तर १०० कोटींचे काम सुमारे १५९ कोटींचे होते. म्हणजे थांबणे हेही एक प्रकारचे कर्जच असते. फक्त त्याचा हप्ता कोणाच्या हिशेबवहीत दिसत नाही. भारतात अहमदाबाद महानगरपालिकेने १९९८ मध्ये शासकीय हमीशिवाय १०० कोटी रुपयांचे रोखे विकले. पुणे महानगरपालिकेने जून २०१७ मध्ये २०० कोटी रुपयांचे रोखे ७.५९ टक्के व्याजाने काढले. रोखे घेणारा प्रथम नगरसंस्थेचे हिशेब पाहतो. ज्या संस्थांची लेखापद्धती ढिली आहे त्यांना हा मार्ग बंद असतो. म्हणून बहुतेक महानगरपालिका राज्य शासनाच्या अनुदानाकडे व प्रादेशिक प्राधिकरणाकडे वळतात.

रस्ता वापरणाऱ्याकडूनच खर्च वसूल करण्याचे साधन म्हणजे पथकर होय. त्याचा अनुभव मीरा-भाईंदरच्या दारातच आला. मुंबईतील उड्डाणपुलांचा खर्च भरून काढण्यासाठी शहराच्या पाच प्रवेशद्वारांवर, त्यांत दहिसर नाक्यावर, पथकर बसविण्यात आला. २०१० मध्ये राज्य रस्ते विकास महामंडळाने २,१०० कोटी रुपये एकरकमी घेऊन पुढील वसुलीचा हक्क खाजगी कंपनीस दिला. पुढील अनेक वर्षांच्या उत्पन्नाचे आजच भांडवल करण्याची ही रीत होती. मुंबईतील पूल न वापरणाऱ्या पण नोकरीसाठी रोज नाका ओलांडणाऱ्या मीरा-भाईंदरच्या रहिवाशालाही हा कर भरावा लागे. हलक्या वाहनांना १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून सूट मिळाली. अशा सवलतीने खर्च नाहीसा होत नाही. तो पथकराऐवजी सर्वसाधारण करांतून किंवा लांबलेल्या वसुलीतून भरला जातो. शहरांतर्गत रस्त्यावर पथकर बसविणे यापुढे राजकीयदृष्ट्या कठीण झाले आहे, एवढे मात्र त्यावरून दिसते.

परकीय कर्जाचा मार्ग मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात अवलंबिण्यात आला. जागतिक बँकेने २००२ मध्ये मंजूर केलेल्या कर्जातून सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्ता व्हावयाचा होता. बाधित कुटुंबांच्या व दुकानदारांच्या पुनर्वसनाबाबत तक्रारी आल्यावर बँकेने मार्च २००६ मध्ये रस्ते व पुनर्वसन या भागांचे पैसे देणे काही महिने थांबविले. रस्ता एप्रिल २०१४ मध्ये खुला झाला. पुनर्वसनाचा खर्च अंदाजपत्रकाच्या शेवटच्या ओळीत टाकण्याची सवय किती महागात पडते, ते या रस्त्याने दाखवून दिले.

दहिसर–भाईंदर जोडरस्ता : सुमारे ५ किमी. लांबीचा व ४५ मी. रुंदीचा हा उन्नत रस्ता दहिसर पश्चिमेच्या कांदरपाड्यापासून भाईंदर पश्चिमेपर्यंत जावयाचा आहे. त्याची निम्म्याहून अधिक लांबी मीरा-भाईंदरच्या हद्दीत असली, तरी निविदा काढून कंत्राट देण्याचे काम बृहन्मुंबई महानगरपालिकेने केले. कारण उघड आहे. या रस्त्याचा खर्च मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या एका वर्षाच्या संपूर्ण अर्थसंकल्पाच्या तोडीचा आहे. मुंबई महानगरपालिकेने आपल्या हद्दीबाहेर काम करणे नवीन नाही. १८९२ मध्ये पूर्ण झालेले तानसा धरण तिच्या सीमेपासून पुष्कळ दूर आहे. परंतु तानशाचे पाणी मुंबईच्या करदात्याच्या नळाला येते, तर हा रस्ता दोन्ही शहरांचे लोक वापरतील. एका शहराच्या करातून दुसऱ्या शहरातील रस्ता बांधण्यास मुंबईत आक्षेप घेता येतो. आणि मुंबईच्या कार्यालयांना व घरांना लागणारी माणसे ज्या शहरात राहतात, त्याच्या रस्त्याचा भार मुंबईने उचलणे योग्यच आहे, असे भाईंदरमध्ये म्हणता येते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. हा वाद सभागृहात व्हावयास हवा होता. पण निर्णयाच्या काळात दोन्ही महानगरपालिकांची मुदत संपलेली होती व २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकांपर्यंत तेथे प्रशासकांचा कारभार होता.

निविदेच्या वेळी सुमारे १,६०० कोटी रुपयांचा म्हणून सांगितलेला हा प्रकल्प पुढे करांसह ३,००० कोटींपलीकडे गेला. सामान्य वाचकास ही वाढ चमत्कारिक वाटते. परंतु दोन आकडे बहुधा एकाच वस्तूचे नसतात. पहिल्या आकड्यात केवळ बांधकाम असते. दुसऱ्यात कामाच्या काळातील भाववाढ, आकस्मिक खर्च, देखरेखीचे शुल्क, वाहिन्या हलविण्याचा खर्च व वस्तू आणि सेवा कर मिळविलेला असतो. स्थानिक संस्थांच्या बांधकाम कंत्राटांवरील हा कर जुलै २०२२ मध्ये १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. अंदाजपत्रक प्रसिद्ध करताना त्यात काय धरले व काय वगळले हे सांगण्याचा प्रघात पडला, तर पुष्कळसा संशय टळेल.

हा रस्ता स्वतंत्र राहिला नाही, हेही खर्चवाढीइतकेच महत्त्वाचे आहे. नरिमन पॉइंटकडून वरळीपर्यंतचा १०.५८ किमी. लांबीचा सागरी किनारा रस्ता मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. वर्सोव्यापासून दहिसरपर्यंतचा उत्तर भाग त्यापुढे योजण्यात आला व दहिसर–भाईंदर रस्ता त्याचे शेवटचे टोक ठरला. वर्सोवा ते भाईंदर ही सलग लांबी सुमारे २६ किमी. होते. एका शहराची निकड भागविण्यासाठी मागितलेला पाच किलोमीटरचा रस्ता असा महानगराच्या मोठ्या मार्गात सामावला गेला. त्यामुळे त्याच्यामागे पैसा उभा राहिला. त्याचबरोबर त्याच्या परवानग्याही मोठ्या प्रकल्पाशी बांधल्या गेल्या.

मधल्या पट्ट्यातील मिठागरांवर केंद्र शासनाच्या मीठ आयुक्तांचा ताबा आहे. भाईंदरच्या बाजूची सुमारे ५३ एकर जमीन रस्त्यासाठी देण्यास केंद्राने २०२५ मध्ये संमती दिली. तिवरांचा प्रश्न याहून कठीण होता. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत तिवरांची जागा सर्वांत संवेदनशील वर्गात मोडते. २०१९ च्या अधिसूचनेनुसार लोकोपयोगी कामासाठी खांबांवरील रस्त्यास अपवादात्मक परवानगी मिळू शकते. मात्र बाधित क्षेत्राच्या किमान तिप्पट क्षेत्रावर तिवरांची लागवड करावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने राज्यभर तिवरांच्या तोडीस मनाई केली असून सार्वजनिक हितासाठी अत्यावश्यक असेल तेव्हाच व न्यायालयाच्या अनुमतीने ती करता येते. त्याप्रमाणे वर्सोवा–भाईंदर मार्गासाठी पंचेचाळीस हजारांहून अधिक तिवरे तोडण्यास न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये अनुमती दिली. पर्यायी वनीकरणासाठी दाखविण्यात आलेली जमीन चंद्रपूर जिल्ह्यात आहे. क्षेत्रफळाच्या हिशेबात ही भरपाई पूर्ण होते. पण भरतीचे पाणी अडविण्याचे व मासळीच्या पैदाशीला आसरा देण्याचे जे काम तिवरे दहिसर–भाईंदरच्या खाडीकाठी करतात, ते चंद्रपूरच्या सागवानाकडून होणार नाही. मीरा-भाईंदरचा बराच भाग सखल असून पावसाळ्यातील भरतीच्या वेळी तेथे पाणी तुंबते. म्हणून रस्ता भरावावर न घेता खांबांवर घेण्याचा निर्णय पर्यावरणाइतकाच शहराच्या निचऱ्याच्या दृष्टीनेही आवश्यक होता.

शहराच्या पूर्व भागात याच काळात दुसरा प्रयोग झाला. काशीमीऱ्याहून भाईंदरकडे येणाऱ्या मुख्य रस्त्यावर प्रादेशिक प्राधिकरणाने मेट्रो मार्ग ९ व त्याखालील उड्डाणपूल एकाच खांबांच्या रांगेवर उभारले. रुंदीकरणासाठी नवी जमीन लागली नाही, दोन कामांचा पाया एकदाच घालावा लागला व दुकानदारांना हलवावे लागले नाही. जेथे रस्ता आधीच आहे व दोन्ही बाजूंस इमारती भिडल्या आहेत, तेथे ही पद्धत भूसंपादनापेक्षा स्वस्त पडते.

उन्नत रस्त्याचे टोक भाईंदर पश्चिमेस उतरेल तेथील अंतर्गत रस्ते, वाहनतळ व चौक यांची सोय मीरा-भाईंदर महानगरपालिकेला आपल्या उत्पन्नातून करावयाची आहे. कंत्राटदाराच्या दोषदायित्वाचा कालावधी संपल्यावर दिवाबत्ती, पावसाळी गटारे, सांध्यांची व धारव्यांची दुरुस्ती आणि खाऱ्या हवेने गंजणाऱ्या सळयांची निगा हा खर्च दरवर्षी चालू राहतो. ज्या लांबीचा खर्च एका संस्थेने केला व जी लांबी दुसरीच्या हद्दीत आहे, तिची देखभाल कोणी करावयाची हे हस्तांतरणाच्या वेळी कराराने ठरविले जाते. त्यासाठी दोन्ही महानगरपालिकांच्या अर्थसंकल्पांत स्वतंत्र लेखाशीर्ष उघडून वार्षिक तरतूद करावी लागते.